एका पत्रकाराचे मृत्युपत्र आणि आमची न लिहिलेली चरित्रे

वर्षावास सुरू झाला त्या आठवड्यात, कोर्ट सुटल्यावर, आमच्या कार्यालयात एक वृद्ध गृहस्थ जिना चढून आले. वय ८४. पांढरा सदरा, खांद्याला शबनम, हातात जुनी छत्री. 'जय भीम वकीलसाहेब' म्हणाले आणि दम लागला म्हणून दोन मिनिटे बोललेच नाहीत. आम्ही त्यांना ओळखत होतो. तालुक्याच्या गावात त्यांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका आणि हँडबिले छापून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या कागदावर, ट्रेडल मशीनवर साप्ताहिक काढायचे. खिळे जुळवणारे तेच, प्रूफ तपासणारे तेच, अंक सायकलवर बांधून एस.टी. स्टँडवर नेणारेही तेच. १९ वर्षे हा उद्योग केला. गावोगावचे बहिष्कार, पाणवठ्याचे तंटे, गायरान जमिनीचे दावे, वसतिगृहातल्या पोरांचे उपोषण हे सारे त्या चार पानांत छापून आलेले आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

'मृत्युपत्र करायचं आहे,' ते म्हणाले. 'घर पोरांना. त्यावर वाद नको. बँकेत पाच लाख आहेत, मुदत ठेवीत. ते विद्यापीठाला द्यायचे. आपल्या चळवळीत ज्यांनी हाडाची काडं केली, त्यांची चरित्रं लिहिणाऱ्या पोरांना त्याच्या व्याजातून शिष्यवृत्ती द्यायची. पण वकीलसाहेब, असं आधी कुणी केलंय का? नाहीतर लोक म्हणतील, म्हातारा चळला.'

केले आहे, काका. आणि ज्या विद्यापीठात केले आहे त्याचे नाव ऐकून तुमच्या अंगावर काटा येईल, असे आम्ही त्यांना सांगितले. त्या संध्याकाळी जे त्यांना सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवत आहोत, थोडे सविस्तर.

जोसेफ पुलित्झर हा हंगेरीतील माको गावी १८४७ साली जन्मलेला ज्यू मुलगा. १८६४ साली तो अमेरिकेत आला तो सैन्यात भरती होऊन. तिथे गुलामगिरीच्या प्रश्नावरून यादवी युद्ध पेटलेले होते आणि उत्तरेच्या फौजेला माणसे हवी होती. युद्ध संपले, हा बेकार झाला. खिशात पैसा नाही, इंग्रजी धड येत नाही. सेंट लुईस शहरात पडेल ती कामे करीत त्याने वाचनालयात बसून कायद्याचा अभ्यास केला, वकिलीची सनदही घेतली. वकिली काही जमली नाही. (आमच्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांना हे वाचून धीर येईल.) १८६८ साली तो एका जर्मन भाषेतील दैनिकात बातमीदार झाला आणि दहा वर्षांत स्वतःच्या वृत्तपत्राचा मालक झाला. १८८३ साली त्याने न्यूयॉर्कचे 'वर्ल्ड' विकत घेतले आणि अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या पत्रांत नेऊन बसवले.

या माणसाची एक गोष्ट आपल्या लोकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. न्यूयॉर्कच्या बंदरातील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सच्या लोकांनी भेट दिला. चौथरा मात्र अमेरिकनांनी बांधायचा होता. धनिकांनी हात आखडता घेतला. काम थांबले. १८८५ साली पुलित्झरने आपल्या पत्रातून सामान्य माणसांना आवाहन केले आणि जाहीर केले की, जो कोणी एक सेंट जरी देईल त्याचे नाव पेपरात छापू. पाच महिन्यांत एक लाखाहून अधिक लोकांनी एक लाखाहून अधिक डॉलर जमवून दिले. बहुतेकांची देणगी एका डॉलरच्या आतली. चौथरा झाला. वर्गणीची पावती-पुस्तके घेऊन वस्त्यांतून फिरलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना हे चित्र काही परके वाटणार नाही. पुतळ्याचे काम आपल्याला जमते. चौक मिळवणे, परवानगी मिळवणे, चौथरा बांधणे, कठडा, दिवे, पाच दिवस आधी रंगकाम, हे आपण गेली सत्तर वर्षे करीत आलो आहोत आणि त्यात आम्हाला काहीही गैर वाटत नाही. पण चौथरा बांधणारा पुलित्झर तेवढ्यावर थांबला नाही, हे पुढे पाहू.

तो संत होता काय? मुळीच नाही. खप वाढविण्याच्या नादात १८९५ नंतर हर्स्ट नावाच्या प्रतिस्पर्ध्याशी त्याची जी चढाओढ लागली, तिच्यातून भडक आणि बनावट बातम्यांची जी रीत रूढ झाली, तिलाच पुढे पीत पत्रकारिता हे नाव पडले. १८९८ च्या अमेरिका-स्पेन युद्धाच्या वेळी या दोघांनी तेल ओतण्याचेच काम केले. त्याच काळात रस्त्यावर पेपर विकणाऱ्या पोरांना लागणाऱ्या शंभर अंकांच्या गठ्ठ्याचा भाव ५० सेंटवरून ६० सेंट केला, आणि युद्ध संपल्यावरही तो उतरवला नाही. १८९९ साली त्या अनवाणी पोरांनी दोन्ही धनदांडग्या मालकांविरुद्ध संप केला. म्हणजे ज्या पैशातून पुढे पारितोषिके निघाली त्या पैशात या पोरांचेही सेंट आहेत. दात्याची आरती ओवाळण्याची सवय आपल्याला नसावी, म्हणून हे लिहिले.

चाळिशी उलटली आणि पुलित्झरची दृष्टी जवळजवळ गेली. आवाज सहन होईनात. उरलेले आयुष्य त्याने बंद खोल्यांत आणि स्वतःच्या नौकेवर काढले. या काळात त्याच्या डोक्यात एक विचार घर करून बसला. डॉक्टरला शाळा आहे, वकिलाला शाळा आहे. पत्रकाराला का नाही? १८९२ साली त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबियाला पैसे देऊ केले. कोलंबियाने ते घेतले नाहीत. पेपरवाल्याला कसले शिक्षण, आणि हा पैसा तरी कसला, अशी तेव्हाच्या प्रतिष्ठितांची भावना होती. पुढे दुसरा अध्यक्ष आला आणि अकरा वर्षांनी, १९०३ मध्ये, गाडी मार्गी लागली. १९०४ साली पुलित्झरने मृत्युपत्र केले. कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेच्या शाळेसाठी वीस लाख डॉलर, आणि त्यापैकी पाच लाख डॉलर पारितोषिके व शिष्यवृत्त्यांसाठी. २९ ऑक्टोबर १९११ रोजी तो वारला. ३० सप्टेंबर १९१२ रोजी शाळा सुरू झाली.

आणि पुढच्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, त्याच विद्यापीठात भीमराव रामजी आंबेडकर नावाचा बावीस वर्षांचा विद्यार्थी दाखल झाला.

इथे काकांनी चष्मा काढून पुसला.

बाबासाहेब त्या पत्रकारितेच्या शाळेत शिकले असे आम्ही म्हणत नाही. त्यांचे विषय अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. त्यांचे गुरू सेलिग्मन, ड्युई. त्यांना मिळाली ती शिष्यवृत्ती बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षे. त्याच आवारात एका मृत पत्रकाराच्या पैशातून नवी इमारत उभी राहत होती आणि एका हयात राजाच्या पैशातून एक अस्पृश्य विद्यार्थी ग्रंथालय पालथे घालीत होता, एवढेच आमचे म्हणणे. शिष्यवृत्ती म्हणजे काय, हे ज्यांना कळत नाही त्यांनी ते साडेअकरा पौंड नजरेसमोर आणावेत. ९ मे १९१६ रोजी वाचलेला जातिसंस्थेवरील निबंध त्या पौंडांतून निघाला. परत आल्यावर ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. टिळकांच्या 'केसरी'ने तर पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायचे नाकारले होते. लेखणीला पैसा लागतो, ही गोष्ट आपल्या चळवळीला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

आता मृत्युपत्राकडे वळू, कारण वकिलाची नजर तिथेच जाते.

पुलित्झरने वाङ्मयासाठी जी पारितोषिके ठेवली त्यांत कादंबरी, नाटक, अमेरिकेचा इतिहास आणि चौथे, अमेरिकन व्यक्तीचे चरित्र. एक हजार डॉलर. आणि चरित्राला त्याने अटी घातल्या. ज्याचे चरित्र लिहायचे त्याने लोकांची निःस्वार्थ सेवा केलेली असावी, आणि ती ठळक उदाहरण ठरावी. दुसरी अट अशी की, जॉर्ज वॉशिंग्टन आणि अब्राहम लिंकन ही दोन नावे सोडून! कारण काय, तर ती फारच उघड आहेत.

या अटीवर आम्ही बराच वेळ थांबलो. ज्या लिंकनच्या फौजेत भरती होण्यासाठी हा पोरगा समुद्र ओलांडून आला, त्याच लिंकनचे नाव तो स्वतःच्या मृत्युपत्रात वगळतो. हा लिंकनचा अनादर म्हणावा काय? आम्हाला तसे वाटत नाही. त्याला ठाऊक होते की, ही दोन नावे मोकळी ठेवली तर दरवर्षी तीच दोन पुस्तके येतील, परीक्षकही त्यांनाच मते देतील आणि बाकीची माणसे अंधारात राहतील. १९१७ साली पहिले पारितोषिक मिळाले ते ज्युलिया वॉर्ड होवे या गुलामगिरीविरोधी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या बाईच्या चरित्राला. लिहिणाऱ्या तिच्या मुली.

ही अट इतकी काटेकोर पाळली गेली की, कार्ल सँडबर्ग या कवीने लिंकनवर चार खंड लिहिले तेव्हा ते चरित्रात बसेनात; १९४० साली त्यांना इतिहासाचे पारितोषिक देऊन मार्ग काढावा लागला. पुढे ती अट उठली आणि १९५८ साली वॉशिंग्टनच्या सात खंडी चरित्राचा गौरव झाला. अट उठली कशी? तर मृत्युपत्र करणाऱ्याने स्वतःच मंडळाला अधिकार देऊन ठेवला होता की, काळ बदलल्यास विषय बदला, थांबवा, दुसरा ठेवा. योग्य पुस्तक नसेल तर त्या वर्षी देऊच नका. हा शहाणपणा आपल्याकडच्या दानपत्रांत फार क्वचित दिसतो. आपल्या विद्यापीठांत आजोबांच्या नावे ठेवलेल्या कितीतरी निधींचे व्याज आता पदकाच्या डबीलाही पुरत नाही, आणि अटी बदलायच्या तर विचारायचे कोणाला, हे कोणालाच माहीत नसते.

शब्द चुकला तर काय होते तेही पाहा. १९६२ साली 'सिटिझन हर्स्ट' या चरित्राची शिफारस मंडळाने केली. हर्स्ट म्हणजे तोच, पुलित्झरचा जुना वैरी. विद्यापीठाच्या विश्वस्तांनी शिफारस फेटाळली. हर्स्टने कुठे लोकांची निःस्वार्थ सेवा केली, असा त्यांचा आक्षेप. त्या वर्षी चरित्राचे पारितोषिकच दिले गेले नाही. पुस्तक चांगले होते, माणूस वाईट होता, आणि मृत्युपत्रातील एक विशेषण आडवे आले. (याच लेखकाने पुढे खुद्द पुलित्झरचेही चरित्र लिहिले!) आम्ही काकांना म्हणालो, तुमच्या मृत्युपत्रात 'थोर', 'निष्कलंक', 'आदर्श' असले शब्द घालू नका. आपल्या चळवळीत फुटलेली, विकली गेलेली, पक्ष बदललेली माणसेही होऊन गेली. त्यांचीही चरित्रे कोणीतरी लिहायला हवीत. तीही कागदपत्रे पाहून, शिव्या देऊन नव्हे.

अमेरिकेतील काळ्या लोकांना या पुलित्झरच्या पैशाने काय दिले, असा प्रश्न आमच्या वाचकाच्या मनात आलाच असेल. सुरुवातीला काही नाही. १९१७ पासून तेहेतीस वर्षांत एकही पुलित्झर पारितोषिक काळ्या माणसाच्या हाती गेले नाही. १९५० साली ग्वेंडोलिन ब्रुक्स या कवयित्रीने ती कोंडी फोडली. दात्याची इच्छा उदार असली तरी परीक्षकांची जात शिल्लक राहतेच, मग ती अमेरिका असो की आपला मुलूख. पण दार उघडल्यावर जे आले ते पाहण्यासारखे आहे. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस, म्हणजे ज्यांना १९४६ साली बाबासाहेबांनी पत्र लिहिले आणि ज्यांचे उत्तरही आले, त्यांचे चरित्र डेव्हिड लेव्हरिंग लुईस या काळ्या इतिहासकाराने दोन खंडांत लिहिले. १९९४ साली पहिल्या खंडाला पुलित्झर मिळाले, २००१ साली दुसऱ्या खंडाला. एकाच माणसाच्या एकाच चरित्राला दोनदा.

२०२१ सालची हकीकत तर आम्ही काकांना दोनदा सांगितली. लेस पेन हा काळा पत्रकार. १९९० साली त्याने माल्कम एक्सच्या चरित्राचे काम हाती घेतले. माल्कमचे भाऊ, शाळेतले सोबती, तुरुंगातले सोबती, पोलीस, शेकडो मुलाखती. २८ वर्षे. २०१८ साली पुस्तक पुरे होण्याआधी तो गेला. त्याची मुलगी तमारा इतकी वर्षे बापाला संशोधनात मदत करीत होती. तिने ते पुरे केले. २०२० साली पुस्तक निघाले, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळाले. आणि २०२२ साली हा मान मिळाला तो विन्फ्रेड रेम्बर्ट नावाच्या माणसाच्या पुस्तकाला. जॉर्जियात कापूस वेचत वाढलेला, जमावाच्या हातून मरता मरता वाचलेला, बेड्या घालून रस्त्याच्या कामाला जुंपलेला कैदी. तुरुंगात चामड्यावर कलाकुसर शिकला आणि त्यावर आपले आयुष्य कोरले. त्याने तोंडी सांगितले, एका प्राध्यापिकेने लिहून घेतले. चामडे, आणि तोंडी साक्ष. काकांनी विचारले, 'चामड्यावर?' मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

बाप-लेकीची गोष्ट ऐकताना आम्हाला आमचे चांगदेव भवानराव खैरमोडे आठवत होते. कोणत्या विद्यापीठाने त्यांना शिष्यवृत्ती दिली होती? नोकरी सांभाळून, प्रपंच सांभाळून, ऐन तारुण्यापासून या माणसाने बाबासाहेबांची पत्रे, हँडबिले, कात्रणे, आठवणी गोळा केल्या. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेबांच्या हयातीत निघाला. १९७१ साली खैरमोडे गेले, हस्तलिखिते घरात. त्यांच्या पत्नी द्वारकाबाईंनी ती सांभाळली आणि उरलेले खंड बाहेर काढण्यासाठी जिवाचे रान केले. आज बाबासाहेबांवर पीएच.डी. करणारा प्रत्येक जण या नवरा-बायकोचे मीठ खातो. किती जण प्रस्तावनेत नाव घेतात? धनंजय कीरांनीही मुंबई महापालिकेच्या नोकरीत राहूनच १९५४ सालचे इंग्रजी चरित्र लिहिले.

ज्यांची चरित्रे झाली त्यांचे हे असे. ज्यांची झाली नाहीत त्यांचे काय?

दलित साहित्याचे नाव जगभर झाले ते आत्मकथनांमुळे. १९७८ चे 'बलुतं' आणि त्यानंतरची रांग सर्वांना पाठ आहे. आत्मकथन लिहायला स्वतःचे जगणे आणि धाडस पुरते. चरित्राचे तसे नाही. दुसऱ्याचे आयुष्य लिहायचे तर त्याच्या गावी जावे लागते. तालुक्याच्या कचेरीत नकलांसाठी अर्ज करावे लागतात, पुराभिलेखागारात दिवसेंदिवस बसावे लागते, म्हाताऱ्या माणसांकडे तीन-तीनदा जावे लागते, कारण पहिल्या भेटीत कोणी खरे सांगत नाही. एस.टी.चे भाडे, झेरॉक्स, लॉज, दोन वेळचे जेवण. आमच्या वस्तीतल्या एम.ए. झालेल्या पोराला हे कोण देणार? तो तासिका तत्त्वावर शिकवील की मुलाखती घेत हिंडेल? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधले, बोलते केले आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिले. त्या गेल्या नसत्या तर? त्यातल्या बहुतेक बायांचे शब्द त्यांच्याबरोबरच गेले असते. त्या पुस्तकातल्या एकेका नावावर एकेक ग्रंथ व्हायला हवा होता. पस्तीस वर्षे उलटून गेली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे पंधरा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीकडे आले. काका त्यांतलेच, वडिलांचा हात धरून गेले होते. १९६४ च्या देशव्यापी भूमिहीन सत्याग्रहात तुरुंगात गेलेले कितीसे उरले? पँथर १९७२ ची. तिचेही नामदेव ढसाळ २०१४ साली गेले, राजा ढाले २०१९ साली. आणि ही तर मोठी, नावाची माणसे. जलशातला ढोलकीवाला, समता सैनिक दलाचा गावपातळीवरचा जमादार, वसतिगृहात पोरांना भाकरी थापून घालणारी बाई, यांच्याविषयी कोणाकडे चार पाने आहेत? असतील तर ती पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि घराचे नूतनीकरण झाले की पेटी रद्दीवाल्याकडे जाते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. आमच्या एका अशिलाच्या वडिलांची तीस वर्षांची दैनंदिनी अशीच गेली. तो आम्हाला म्हणाला, 'साहेब, ओली झाली होती, वास येत होता.'

बाबासाहेबांची कागदपत्रेही वारशाच्या वादात वर्षानुवर्षे सरकारी प्रशासकाच्या ताब्यात कुलपाआड होती, हे विसरू नका. वसंत मून यांच्या संपादनाखाली पहिला खंड १९७९ साली आला. आणि त्या खंडांची छपाई रखडली म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. साक्षात बाबासाहेबांच्या शब्दांची ही गत, तर वामनदादांच्या मागे बसून कोरस धरणाऱ्याची काय कथा! सरकार करील, विद्यापीठ करील म्हणून हात बांधून बसण्याचे दिवस नाहीत.

म्हणून वाचकांसाठी थोडे कायद्याचे. बौद्धांच्या मृत्युपत्राला भारतीय उत्तराधिकार अधिनियम १९२५ लागू आहे. कलम ६३ प्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. मुद्रांक शुल्क नाही. साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, पण करावी, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. आणि वय झाले असेल तर त्याच दिवसाचा डॉक्टरचा दाखलाही जोडावा. धर्मादाय देणगी मृत्युपत्राने देण्यावर कलम ११८ ची जी जाचक बंधने होती ती बौद्धांना कधीच लागू नव्हती. ख्रिस्ती बांधवांनाही सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली त्यातून मोकळे केले. बँकेत ज्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले तो मालक होत नाही, तो केवळ रक्कम स्वीकारतो. म्हणून मुदत ठेवीवर मुलाचे नाव असले तरी मृत्युपत्रातली इच्छा चालते. मात्र मुलाला आधी विश्वासात घ्यावे, नाहीतर तुमच्या शिष्यवृत्तीची पहिली दहा वर्षे कोर्टातच जातील. आणि विद्यापीठाला विचारल्याशिवाय त्याचे नाव घालू नये. कोलंबियाने पुलित्झरला नाही म्हटले होते, आपल्याला कोण कशाला हो म्हणेल? आधी पत्र, मग मृत्युपत्र. विद्यापीठाने नकार दिला तर रक्कम कोणत्या नोंदणीकृत न्यासाकडे जाईल तेही लिहून ठेवावे.

पैसा किती लागतो? पाच लाखांवर सात टक्के धरले तर वर्षाला ३५ हजार. महिन्याला तीन हजारांच्या आत. यात चरित्र होत नाही, हे आम्ही काकांना स्पष्ट सांगितले. ते हसले. 'पुलित्झरचे पाच लाख डॉलर, माझे पाच लाख रुपये. आकडा तर जुळला!' मग त्यांनीच उपाय काढला. निधी उघडा ठेवायचा. जो कोणी शंभर रुपये घालील त्याचे नाव यादीत. दरवर्षी एकाला देण्याऐवजी तीन वर्षांचे व्याज साठवून एकालाच द्यायचे, म्हणजे लाखभर रुपये हाती येतील आणि पोरगा निदान एक वर्ष तरी फिरू शकेल. आम्ही गणित करून पाहिले, जमते. जयंतीच्या एका मिरवणुकीत ध्वनिवर्धकाच्या भिंतीचे एका रात्रीचे भाडे किती असते, हे वाचकांनीच आपापल्या मंडळात विचारावे.

मसुदा लिहायला बसलो आणि गाडी एका ठिकाणी अडली.

पुलित्झरची ती अट काकांना पटली होती. आपल्याकडे ती लावायची तर पहिले नाव कोणाचे वगळावे लागेल, हे सांगायची गरज नव्हती. बाबासाहेबांवर दर १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला पुस्तके येतात. काही उत्तम, काही जुन्या पुस्तकांतून उतरवलेली. शिष्यवृत्ती मोकळी ठेवली तर शंभरातले नव्वद अर्ज त्याच विषयावर येणार. आम्ही तसे बोलून दाखवले. काकांचा चेहरा उतरला.

'बाबासाहेबांचं नाव वगळा, असं मी माझ्या हातानं लिहू?'

आम्ही म्हणालो, लिंकनसाठी आलेल्या माणसाने लिंकनचे नाव वगळले होते.

'त्याचं त्याला. माझ्या मृत्युपत्रात ते वाक्य राहील, मी मेल्यावर कुणीतरी वाचेल. खाली माझी सही. नाही जमायचं, साहेब.'

आमच्याकडे उत्तर नव्हते. वकिलाला अट घालता येते, पण सही करणाऱ्याचा हात धरता येत नाही. शिवाय, खरे सांगायचे तर, आम्हालाही ते वाक्य उच्चारताना जड गेले होते.

आठ दिवसांनी ते पुन्हा आले. शबनममधून वहीचे एक पान काढले. छापखान्यातल्या माणसाचे अक्षर, एकेक शब्द सुटा. त्यांनी लिहिले होते : ज्या माणसाचे किंवा बाईचे चरित्र आजवर कोणत्याही भाषेत पुस्तकरूपाने छापले गेलेले नाही, अशाच्याच चरित्रासाठी ही शिष्यवृत्ती द्यावी. खाली दुसरी ओळ : काळ बदलल्यास समितीने ही अट बदलावी.

आम्ही पहिल्या वाक्यात 'अथवा' आणि 'केवळ' एवढे दोन शब्द घातले. बाकी त्यांचेच ठेवले.

शुक्रवारी ते दोन साक्षीदार आणि मोठ्या मुलाला घेऊन येत आहेत. विद्यापीठाला पत्र गेले आहे, उत्तर यायचे आहे. साप्ताहिकाच्या १९ वर्षांच्या अंकांची पेटी मृत्युपत्रात कुठे घालायची ते अजून ठरलेले नाही. ती सध्या आमच्या कार्यालयात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, जमिनीपासून वीतभर उंच, दोन विटांवर ठेवली आहे.